प्रकाशाला बाजू असते

प्रकाशाबद्दल बोलताना आपण फार तर दोन गोष्टी बोलतो, तो किती आहे आणि कुठल्या रंगाचा आहे. उजेड कमी पडतोय, लाइट फार पिवळा आहे, स्क्रीन डोळ्यावर येतेय, झालं. डोळ्याला तेवढंच कळतं म्हणून आपण तेवढंच बोलतो. पण प्रकाशाला अजून एक गुण असतो, आणि तो रोज आपल्या डोळ्यात शिरत असतो, लॅपटॉपमधून, निळ्या आकाशातून, ओल्या रस्त्यावरच्या चकाकीतून, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो गुण म्हणजे पोलरायझेशन, पुस्तकात ध्रुवण म्हणतात ते.

मला हा विषय मनापासून आवडतो आणि त्याचं कारण असं की प्रकाश म्हणजे नक्की काय, हे माणसाला ह्या न दिसणाऱ्या गुणामुळेच कळलं. रंगांवरून नाही कळलं, नुसत्या वेगावरूनही नाही. प्रकाश लहर आहे एवढं इतर प्रयोगांनी सांगितलं असतं, पण कसली लहर, कशात, कुठल्या दिशेने थरथरणारी, हे सगळं पोलरायझेशनने सांगितलं. शाळेत मात्र हा धडा शेवटी येतो, दोन आकृत्या, एक व्याख्या आणि उपयोगांत 'गॉगल'.

गॉगलच घेऊ मग. पोलराइज्ड गॉगल असेल तर लॅपटॉपवर एखादं कोरं पांढरं पान उघडा, गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरा आणि ती काच हळूहळू फिरवा, जवळ-लांब नाही करायची, नुसती घड्याळाच्या काट्यासारखी गोल. पान मंद होत जातं, अजून मंद, आणि एका जागी जवळजवळ काळं होतं, तिथून पुढे फिरवत राहिलं की परत उजळतं. (काही मोबाईलवर पूर्ण काळं होत नाही, नुसते रंग बदलतात, कारण त्यांच्या काचेवर अजून एक वेगळा थर असतो.) आता ह्यात नवल काय ते नीट बघा. साधी काळी काच कितीही फिरवली तरी काही फरक पडत नाही, कारण प्रकाश सरळ तिच्यातून येतोय आणि त्याच्या दृष्टीने वर-खाली-डावं-उजवं सगळं सारखं आहे असं आपण धरून चाललोय. इथे मात्र काच फिरवली की उजेड बदलतो. म्हणजे स्क्रीनमधून जो प्रकाश येतोय त्यालाच काहीतरी उभं-आडवं आहे, त्याला बाजू आहे.

बाजू कशाची, तर विद्युत क्षेत्राची. आता इथे ते प्रसिद्ध चित्र येतं, सगळ्यांनी पाहिलेलं, एक लाल नागमोडी लहर वरखाली, तिला काटकोनात एक निळी लहर, आणि दोघी मिळून बाणाच्या दिशेने चाललेल्या. चित्र चुकीचं नाही पण ते बघून मनात जे बसतं ते बरंचसं चुकीचं असतं. वाटतं की प्रकाशाच्या किरणाला खरंच वरखाली अशी उंची आहे, काहीतरी वस्तू सापासारखी वळवळत पुढे जातेय. तसं काही नाहीये. काहीच वरखाली जात नाही. चित्रातल्या बाणांची लांबी म्हणजे अंतर नाही, त्या त्या बिंदूपाशी विद्युत क्षेत्र किती जोराचं आहे आणि कुठल्या दिशेला आहे एवढंच ते बाण सांगतात. म्हणजे त्या जागी एखादा इलेक्ट्रॉन ठेवला तर त्याला वर ढकललं जाईल, लगेच खाली, परत वर, आणि नारिंगी प्रकाश असेल तर हे सेकंदाला साधारण ५०० लाख कोटी वेळा. 'क्षेत्र' ही काही कुठे भरलेली पातळ वस्तू नाही, इथे चार्ज ठेवलास तर त्याला असा धक्का बसेल, हा त्या जागेचा गुणधर्म आहे. आणि तो गुणधर्म रिकाम्या जागेतून पसरत जातो, बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र तयार करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र तयार करतं, आणि ही जोडी कुठल्याही माध्यमाशिवाय सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर वेगाने निघून जाते.

हे क्षेत्र किती मोठं असतं हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण हिशेब सोपा आहे. कडक उन्हात एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. तेवढी ऊर्जा एकाच साध्या लहरीतून येतेय असं धरलं तर तिचं विद्युत क्षेत्र जास्तीत जास्त मीटरला ८७० व्होल्टच्या आसपास जातं आणि चुंबकीय क्षेत्र ३ मायक्रोटेस्लाच्या जवळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून कमी. मीटरला ८७० व्होल्ट! उन्हात उभं राहिल्यावर आपण अशा क्षेत्रात उभे असतो आणि काही जाणवत नाही, कारण ते इतक्या झटपट उलटसुलट होतं की केसालाही हलायला वेळ मिळत नाही. हलतात ते फक्त इलेक्ट्रॉन. मला हा आकडा फार आवडतो, कारण त्याने ते लाल-निळं चित्र कागदावरून उठून अंगावर येतं.

आता पोलरायझेशन म्हणजे काय ते एका वाक्यात सांगता येईल. तो धक्का सतत एकाच रेषेत बसत असेल, म्हणजे फक्त वर-खाली किंवा फक्त डावीकडे-उजवीकडे किंवा कुठल्याही एका तिरक्या रेषेत, तर प्रकाश पोलराइज्ड. सूर्य, बल्ब, मेणबत्ती यांचा प्रकाश तसा नसतो, तिथे असंख्य अणू आपापल्या मर्जीने प्रकाश टाकत असतात आणि धक्क्याची दिशा एका सेकंदाच्या अब्जाव्या भागातसुद्धा कितीतरी वेळा बदलून जाते. दिशा प्रत्येक क्षणी असतेच, पण ती टिकत नाही. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर मात्र दोन पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेच्या धक्क्याचा प्रकाश सोडणारे, पातळ पडदे असतात आणि मध्ये लिक्विड क्रिस्टल, ते क्रिस्टल प्रकाशाची ही दिशा वळवतं किंवा वळवत नाही, त्यावर पुढचा पडदा उजेड सोडायचा की अडवायचा ते ठरतं. म्हणजे आपण दिवसभर स्क्रीनवर जे वाचतो त्यातलं अक्षर न् अक्षर पोलरायझेशनने लिहिलेलं असतं.

इथे एका उपमेबद्दल बोलायलाच हवं कारण ती सगळीकडे सापडते. दोरी आणि गजांची. दोरीचं एक टोक धरून वरखाली झटके द्यायचे, दोरी उभ्या गजांच्या फटीतून नेलेली असेल तर लहर पलीकडे जाते, गज आडवे केले तर अडते, आणि पोलरॉइड म्हणजे असेच गज. ऐकायला एकदम पटतं. पण खऱ्या पोलरॉइडमध्ये हे बरोब्बर उलटं असतं आणि ते उलटं का असतं यातच विद्युतचुंबकीय लहरीचं सगळं मर्म आहे असं माझं मत आहे. पोलरॉइडच्या पडद्यात लांब लांब रेणूंच्या साखळ्या एकाच दिशेने ताणून बसवलेल्या असतात आणि त्यांना आयोडीन चिकटवलेलं असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनना साखळीच्या लांबीच्या दिशेने पळता येतं पण आडवं जाता येत नाही. आता उभ्या साखळ्यांवर उभ्या दिशेच्या धक्क्याचा प्रकाश पडला तर इलेक्ट्रॉन वरखाली पळतात, प्रकाशाची ऊर्जा घेतात आणि ती उष्णता होऊन जाते, म्हणून तो प्रकाश अडतो. आडव्या धक्क्याच्या प्रकाशाला इलेक्ट्रॉन हलवता येत नाहीत, म्हणून तो बिनबोभाट पलीकडे जातो. उभे गज, आणि अडते उभी लहर! कारण प्रकाश फटीतून वाट काढत नसतो, त्याला जाण्यासाठी फट लागतच नाही. प्रश्न एवढाच असतो की वाटेत असं कोण आहे ज्याला तो हलवू शकतो. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की दोरी सोडून द्यावीशी वाटते.

ह्या पडद्याची जन्मकथाही छोटी आणि विचित्र आहे. १८५२ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या एका विद्यार्थ्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं तर हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. हेरापाथनी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, आणि जिथे दोन स्फटिक एकमेकांवर आले होते तिथे काही ठिकाणी उजेड होता तर काही ठिकाणी अंधार. पुढे एडविन लँड या तरुणाने असे सूक्ष्म स्फटिक प्लास्टिकमध्ये एका रांगेत बसवून १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३८ मध्ये ताणलेल्या प्लास्टिकचा आणि आयोडीनचा, आजच्यासारखा पडदा आणला.

पण मूळ कथा त्याच्याही खूप आधीची. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्टोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या एका पारदर्शक स्फटिकाबद्दल लिहिलं, आज आपण त्याला कॅल्साइट म्हणतो. अक्षरांवर तो ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. ख्रिस्तियान हायगेन्सनी त्याचा कसून अभ्यास केला आणि त्यांना अजून एक गोष्ट दिसली, एका स्फटिकातून निघालेले दोन किरण दुसऱ्या स्फटिकात घातले आणि तो दुसरा फिरवला तर कधी चार किरण मिळतात कधी दोनच. १६९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवलं आणि ह्याचं कारण आपल्याला सापडलेलं नाही असंही लिहिलं. लहरींचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाला ते सापडणं शक्यच नव्हतं, कारण त्यांची लहर हवेतल्या आवाजासारखी होती, पुढे-मागे दाबली जाणारी, आणि तसल्या लहरीला बाजू नसते. उलट न्यूटननी ह्याच निरीक्षणावरून म्हटलं की किरणाला बाजू असतात, आणि ते लहरींच्या विरोधातला पुरावा म्हणून वापरलं. म्हणजे खरी गोष्ट न्यूटनना दिसली होती आणि तिच्यावरून निष्कर्ष उलटा काढला गेला. शंभर वर्षं हे असंच राहिलं.

मग १८०८. पॅरिसमध्ये एतिएन लुई माल्यू नावाचे लष्करी इंजिनिअर, नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत जाऊन आलेले, घरच्या खिडकीतून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या काचांवर पडलेलं मावळतीचं ऊन कॅल्साइटमधून बघत होते. दोन प्रतिमा दिसायला हव्या होत्या, त्या दिसल्या, पण स्फटिक फिरवला तशी एक मंद होत गेली आणि मग दुसरी. म्हणजे ती बाजू स्फटिकच तयार करतो असं नाही, साध्या काचेवरून परावर्तन झालं तरी प्रकाशाला बाजू येते! मेणबत्तीचा प्रकाश पाण्यावरून आणि काचेवरून परावर्तित करूनही त्यांनी ते तपासून घेतलं. दोन पोलरायझरमधला (प्रकाशाची एकच बाजू सोडणारी कुठलीही वस्तू म्हणजे पोलरायझर) कोन वाढवत नेला तर उजेड किती उरतो त्याचा नियमही त्यांचाच, कोनाच्या कोसाइनचा वर्ग, ४५ अंशाला निम्मा, ६० अंशाला पाव, ९० ला शून्य. आणि हा माणूस प्रकाश कणांचा असतो असंच मानणारा होता. १८१२ मध्ये क्षयाने गेला, वय ३६.

लहरवाल्यांची सुटका शेवटी लहरवाल्यांनीच केली. फ्रेनेल आणि अरागो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की काटकोनात पोलराइज्ड असलेले दोन प्रकाश एकमेकांत मिसळले तरी, एरवी लहरी मिसळल्या की पडतात ते, काळे-पांढरे पट्टे पडत नाहीत, एकाच दिशेचे असले तर पडतात. इंग्लंडच्या टॉमस यंगनी १८१७ मध्ये अरागोंना पत्रातून सुचवलं की प्रकाशाची थरथर थोडी आडवीही असू शकेल. फ्रेनेलनी १८२१ मध्ये सरळ सांगून टाकलं, थोडी वगैरे नाही, पूर्णच आडवी, प्रकाश म्हणजे अवतरंग. जाण्याच्या दिशेने काहीच थरथरत नाही. हे म्हणायला केवढी छाती लागते बघा, कारण त्या काळी लहर म्हटली की माध्यम हवं, ते माध्यम म्हणजे सगळीकडे भरलेला ईथर, आणि माध्यमाच्या आतून अशी आडवी लहर जायची तर ते माध्यम घन पदार्थासारखं कडक हवं. म्हणजे पोलादासारखा कडक ईथर आणि त्यातून ग्रह आरामात फिरतायत! अरागोंसारख्या जवळच्या सहकाऱ्यालाही ह्यावर आपलं नाव घालायचं धाडस झालं नाही, फ्रेनेलनी ते एकट्याच्या नावावर छापलं. १८२७ मध्ये तेही क्षयानेच गेले, ३९ व्या वर्षी. माल्यू आणि फ्रेनेल या दोघांबद्दल वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण खरं उत्तर अजून लांब होतं आणि दोघांपैकी कोणालाही ते बघायला मिळालं नाही.

त्या उत्तराचा पहिला धागाही पोलरायझेशनमधूनच मिळाला. १८४५ च्या सप्टेंबरात मायकेल फॅरेडेंनी पूर्वी स्वतःच बनवलेल्या जड, शिसं असलेल्या काचेतून पोलराइज्ड प्रकाश सोडला आणि काचेजवळ जोरदार विद्युतचुंबक लावला, तर प्रकाशाची ती बाजू किंचित वळली. रंग बदलला नाही, वेगात काही दिसलं नाही, फक्त बाजू वळली. चुंबकाचा आणि प्रकाशाचा काहीतरी संबंध आहे याचा हा जगातला पहिला पुरावा. वीस वर्षांनी, १८६५ मध्ये, मॅक्सवेलनी समीकरणं मांडली, त्यातल्या लहरी आपोआप आडव्याच निघाल्या, आणि त्यांचा वेग निव्वळ विजेच्या मोजमापांवरून काढला तर तो सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर आला. फ्रान्सच्या फिझोनी १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा प्रत्यक्ष मोजलेला वेग ३ लाख १५ हजारांच्या आसपास होता. योगायोग म्हणावा असा फरकच नव्हता. कडक ईथरची गरजच संपली, कारण थरथरणारी वस्तू मुळात नव्हतीच. (ईथर लोकांच्या मनातून जायला पुढे बरीच वर्षं लागली ते वेगळं.)

मग हाइनरिक हर्ट्झ. १८८८ मध्ये त्यांनी एका चौकटीवर तांब्याच्या तारा समांतर ताणून प्रचंड मोठा पोलरायझर बनवला आणि आपल्या नव्या, डोळ्याला न दिसणाऱ्या लहरी (आज आपण त्यांना रेडिओ लहरी म्हणतो) त्यातून पाठवल्या. तारा थरथरीच्या दिशेने असल्या की लहर अडायची, काटकोनात असल्या की जायची, वर पोलरॉइडच्या बाबतीत जे सांगितलं तेच, फक्त इथे ते हाताने उचलता येईल अशा आकारात. ह्या लहरी आणि प्रकाश एकाच जातीचे आहेत हे पटवून देणारा यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही. जगदीशचंद्र बोस काही वर्षांनी मिलिमीटरांत मोजाव्या लागतील इतक्या छोट्या लहरींवर काम करत होते, त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमध्ये टिनफॉइल घालून पोलरायझर केला, आणि १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांनी लहरीची बाजू वळवून दाखवली, उजवा पीळ एकीकडे, डावा पीळ दुसरीकडे. साखरेच्या पाण्यात प्रकाशाची बाजू वळते ती रेणूंच्या पिळामुळे, ह्याचं ते हातात धरता येणारं मॉडेल होतं. पुस्तक आणि ताग! कल्पना स्पष्ट असली की साधन काहीही चालतं.

हर्ट्झच्या त्याच प्रयोगात अजून एक गोष्ट होती जी आज तीन पोलरॉइडचे तुकडे घेऊन कोणीही करू शकतं. दोन तुकडे काटकोनात ठेवले की काळोख. आता त्या दोघांच्या मध्ये तिसरा ४५ अंशात तिरका सरकवा, आणि उजेड परत येतो. अडवणारी वस्तू वाढवली आणि उजेड वाढला. माल्यूंच्या नियमाने हिशेब लागतो, पहिल्यातून आलेल्या प्रकाशाचा निम्मा मधल्यातून, त्याचा निम्मा शेवटच्यातून, म्हणजे पाव. मधला तुकडा नुसता गाळत नाही, तो बाजूच बदलून टाकतो, त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाला आपण आधी उभे होतो याचा काहीही मागमूस नसतो. आणि हेच एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, सोडून केलं तरी सरासरी तशीच येते, फक्त प्रत्येक फोटॉन एकतर पूर्ण जातो किंवा पूर्ण अडतो, अर्धा कोणी जात नाही, आणि कोण जाणार हे आधी सांगता येत नाही. क्वांटम मेकॅनिक्सची ओळख करून द्यायला ह्यापेक्षा कमी सामानात होणारा प्रयोग मला तरी सुचत नाही.

निसर्गात पोलरायझेशन होतं त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं आणि ते फार सुंदर आहे. थरथरणारा चार्ज आपल्या थरथरण्याच्या रेषेत प्रकाश टाकत नाही, बाजूंनाच टाकतो. सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन थरथरतात, आणि आपण सूर्यापासून ९० अंशांवर असलेल्या आकाशाकडे बघत असू तर त्या थरथरीतली एक दिशा नेमकी आपल्याकडे रोखलेली असते, तिचा प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही, उरते ती एकच दिशा. म्हणून निळ्या आकाशात सूर्यापासून काटकोनात एक पोलराइज्ड पट्टा असतो, अरागोंनी १८०९ मध्येच आकाशाचं पोलरायझेशन शोधलं होतं. पाण्याच्या चकाकीचंही तेच, पाण्यावर काढलेल्या लंबापासून साधारण ५३ अंशांच्या कोनात परावर्तित झालेला प्रकाश संपूर्ण आडवा पोलराइज्ड असतो, ब्रूस्टरनी १८१५ मध्ये ह्या कोनाचा नियम दिला. म्हणून गॉगलमधल्या साखळ्या आडव्या बसवतात, उभ्या नाही, आडवी चकाकी आडव्या साखळ्या खातात.

आणि मधमाशांना हा आकाशाचा पट्टा दिसतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवलं की पोळ्यावर पोलरॉइडचा पडदा धरून फिरवला तर नाचून दिशा सांगणारी माशी आपली दिशाही बदलते. सूर्य ढगाआड असला तरी निळ्या आकाशाचा एक तुकडा तिला पुरतो.

माणूस इथे अगदीच आंधळा नाही बरं का. १८४४ मध्ये हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय की पोलराइज्ड प्रकाशाकडे टक लावून बघितलं तर नजरेच्या मधोमध एक अगदी पुसट पिवळी आकृती दिसते, मध्ये बारीक आणि दोन्हीकडे रुंद होत गेलेली. आपल्या डोळ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचे रेणू ठरावीक रचनेत बसलेले असतात, त्यामुळे ते एका दिशेचा निळा प्रकाश जास्त खातात. दोन-चार सेकंदांत ती विरते कारण मेंदू न हलणाऱ्या गोष्टी काढून टाकतो, म्हणून कोऱ्या पांढऱ्या एलसीडी स्क्रीनसमोर बसून डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलवत राहायचं, आकृतीही डोक्याबरोबर न फिरता स्क्रीनशी आपली दिशा धरून राहते. सगळ्यांना पहिल्याच वेळी दिसेल असं नाही, पण प्रयत्न करून बघाच, कारण विद्युत क्षेत्राची दिशा कुठल्याही यंत्राशिवाय बघायची ही एकच सोय आपल्याला मिळालेली आहे.

ह्याच दिशेच्या जोरावर आता लोक कुठवर पोचलेत ते सांगतो. एम-८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा जो फोटो २०१९ मध्ये आला होता, त्याच निरीक्षणांतून इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या गटाने मार्च २०२१ मध्ये पोलरायझेशनचा नकाशा काढला, १.३ मिलिमीटरच्या लहरींमध्ये, म्हणजे साधारण बोस यांच्याच घराण्यातल्या लहरी. त्या फोटोतल्या उजेडाच्या कडीवर प्रत्येक जागी विद्युत क्षेत्राची दिशा कुठली, ते बारीक रेषांनी दाखवलंय आणि त्या रेषा भोवऱ्यासारख्या वळत जातात. अशा लहरी चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनमधून येतात, म्हणून त्यांच्या बाजूवरून तिथलं चुंबकीय क्षेत्र काढता येतं. ते साधारण १ ते ३० गॉस निघालं. पृथ्वीचं अर्ध्या गॉसच्या आसपास असतं. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवराच्या तोंडाशी असलेलं चुंबकीय क्षेत्र, आणि ते मोजलं गेलं ते तिथून निघालेली लहर कुठल्या अंगाने थरथरत होती त्याच्या आधारे, कारण वाटेत दुर्बिणी येईपर्यंत तिला हलवण्यासारखं फारसं कोणी भेटलंच नाही.